पाण्यावरची साय

प्रिय झिंगे,

काल मी बाबाच्या माशांच्या मोठ्या टाकीचा पाइप उघडला. एकटीने. सकाळपासून पंप घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरत होता आणि वरून पडणारी पाण्याची धार करंगळीहून बारीक झाली होती. बादली घेतली, जुने टॉवेल अंथरले, क्लिनिकमधला एप्रन चढवला आणि बसले खाली मांडी ठोकून. गुडघे कुरकुरले, पण मी त्यांचं ऐकलं नाही. पाइपातून जे निघालं ते तू पाहिलं असतंस तर दुपारचं जेवण टाकलं असतंस. तपकिरी, बुळबुळीत, आतड्यासारखं लांबच लांब. बाटलीचा ब्रश घालून मी ओढत राहिले आणि ते येतच राहिलं. शेवटी सगळं पुन्हा जोडून बटण दाबलं, तर धार अशी कोसळली की माशांची पळापळ झाली. मी मागे वळून म्हणाले, "बघ, जमलं." मागे खुर्ची होती, रिकामी. बाबा गेल्यापासून अशी चूक माझ्याकडून कुठे ना कुठे रोजच होते, पण काल त्यानंतर बराच वेळ जागचं उठवेना. हात पुन्हा पुन्हा धुतले तरी तो वास जात नव्हता. आणि खरं सांगू, मला तो जायला नकोच होता.

तू म्हणशील, एवढंसं सांगायला पत्र कशाला. पण फोनवर आपण दोघी काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. मी विचारते बरी आहेस ना, तू म्हणतेस हो. तू विचारतेस गोळी घेतलीस का, मी म्हणते हो. मग कोणीतरी एक म्हणते, बरं, ठेवते. पत्रात निदान मधेच कोणाला ठेवता येत नाही. तेव्हा जरा सावकाश वाच. मला जे सांगायचंय त्याच्यापर्यंत मी थेट जाऊ शकत नाहीये. वळसा घालूनच जाईन.

आमचं लग्न ठरलं तेव्हा ओळखीतले म्हणायचे, दात आणि डोळे एका घरात आले, आता म्हातारपण आलं की गिऱ्हाइकाने दुसरीकडे जायलाच नको. रस्त्याच्या या बाजूला माझी दातांची खुर्ची, त्या बाजूला त्याचं चष्म्याचं दुकान. मधल्या वेळात तो दारात येऊन दोन बोटं वर करायचा, म्हणजे चहा पाठवू का. दिवसभर तो लोकांच्या काचा पुसायचा, उजेडासमोर धरायचा, फुंकर मारून पुन्हा पुसायचा. आणि घरी त्याच माणसाच्या टाकीच्या तीन बाजू अशा मळकट की आतला मासा आहे की पान आहे कळू नये. समोरची एकच काच तो स्वच्छ ठेवायचा. "ही आपल्यासाठी, बाकीच्या तीन त्यांच्यासाठी." त्या काचांवर हिरवट, तपकिरी, बोट फिरवलं तर बुळबुळेल असा थर. गोगलगाई त्यातून वाटा काढत फिरायच्या. मी चिडून एकदा म्हणाले होते, "मी दिवसभर लोकांच्या दातांवरून जे खरवडून काढते, ते हा माणूस घरी पाळतो." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं.

आणि ते खरंही होतं. माशांच्या दुकानातल्या पाकिटांवर त्याला बायोफिल्म म्हणतात. आमच्या दातांवरही तेच बसतं. जंतू एकत्र येतात, काहीतरी चिकट सोडतात, त्याचंच घर करून त्यात राहतात, आणि घासल्याशिवाय हलत नाहीत. मी त्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपला धंदा एकच की. तू काढतेस, मी लावतो." त्याने त्याला साधं नाव ठेवलं होतं, साय. तू लग्न करणार नाहीस असं जाहीर केलंस, त्यावर लोक कुजबुजायला लागले, तेव्हा हाच सगळ्यांना सांगायचा, "तुम्हाला दुधावरची साय मिळाली, मला पाण्यावरची. मी खूश आहे." तेव्हा सगळ्यांत जास्त तूच हसायचीस.

मला मात्र ती साय कधी आवडली नाही. नवं लाकूड टाकीत सोडलं की काही दिवसांत त्यावर पांढरं, शेंबडासारखं काहीतरी धरायचं. मी म्हणायचे, फेकून दे, सडलंय. तो म्हणायचा, थांब. आणि मग एके सकाळी त्या शेंबडावर झिंगे बसलेले दिसायचे, तांबडे, आपल्या नखाएवढे, दोन्ही हातांनी भराभरा उचलून खात. त्यांची पिल्लं तर डोळ्यांना दिसायचीही नाहीत. त्यांना पोहत जाऊन खाणं पकडता येत नाही म्हणे. जिथे जन्मतात तिथेच चरतात. साय असेल तर जगतात, नसेल तर टाकीत कितीही खाणं टाका, उपाशी मरतात. हे सगळं तो तुला खुर्चीत मांडीवर घेऊन सांगायचा आणि तू ऐकता ऐकता अंगाची कमान करून झोपायचीस. तिथूनच तुझं नाव पडलं. शेजारच्या बाई विचारायच्या, पोरीला असलं काय नाव, तिने काय ढोसलंय का. तो म्हणायचा, ढोसलं नाही, चरतेय.

तुला बाबाचा तो वाढदिवस आठवतो का? मला वाटतं आठवत असेल, म्हणूनच तू कधी त्याचा विषय काढत नाहीस. तू शाळेत होतीस. बाबाला आनंद व्हावा म्हणून तू सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं कामावर असताना, सगळी टाकी धुतलीस. चारही काचा घासल्यास, लाकूड घासलंस, वाळू धुतलीस, फिल्टरमधला स्पंज गरम पाण्याखाली पिळून पिळून पांढरा केलास. तो घरी आला, दारातच थांबला. मी मागे होते, त्याचा चेहरा मला दिसला. पुढे काय होणार ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण तो म्हणाला, "वा, दुकानातल्या काचा आता तुझ्याकडूनच पुसून घ्यायला पाहिजेत." मग त्या आठवड्यात मासे जायला लागले, एकामागून एक. तू न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडत बसलीस, आम्हाला आवाज येऊ नये म्हणून. त्याने दार वाजवलं नाही. बाहेर जमिनीवर बसून राहिला. तू बाहेर आलीस तेव्हा त्याच्या हातात बशी होती, बशीत छोट्या टाकीतली चिमूटभर साय आणि दुकानातलं सगळ्यांत मोठं भिंग. त्याने तुला त्यातले वळवळणारे केसासारखे जीव दाखवले. म्हणाला, त्यांच्याहूनही बारीक असतात, ते भिंगातही दिसत नाहीत, पण माशांची घाण तेच खातात, पाणी तेच राखतात. तू विचारलंस, मग मासे मी मारले का. त्याच्या जागी मी असते तर नाही म्हणाले असते. तो म्हणाला, "हो. पण तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माझ्या हातून याहून जास्त गेलेत, आणि मी तर मोठा होतो." त्यानंतर तू त्याच्या गळ्यात पडून जी रडलीस तो आवाज वेगळा होता. खोटं ऐकून माणूस तसं रडत नाही.

पण तो काही त्या सायीचा भक्त नव्हता, हेही तितकंच खरं. तुझ्या पदवीच्या समारंभाहून आपण तिघं परत आलो तेव्हाचं बघ. मधे वीज गेली होती, पंप बंद पडला होता. टाकीच्या पाण्यावर तेलकट, इंद्रधनुष्याचे रंग मारणारी कातडी धरली होती आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, हवा मिळत नव्हती त्यांना. बूटही न काढता तो आत धावला. वर्तमानपत्राचे कागद अलगद पाण्यावर पसरायचे आणि उचलायचे, साय कागदाला चिकटून येते. तू एक बाजू धरलीस, मी एक. तुझ्या अंगावर तो समारंभाचा चांगला ड्रेस होता, कोपरापर्यंत भिजला. तो म्हणाला, "खाली असली की अन्न घालते, वर आली की गळा दाबते." आणि दुसऱ्या, छोट्या टाकीतला तो रोग. औषध घातलं की मासे बरे व्हायचे, थांबवलं की पुन्हा अंगावर तेच चट्टे. कितीदा झालं ते. त्यानेच शोधून काढलं की जंतू सायीखाली दडून बसलेत, औषध छत्रीवरून पाणी जावं तसं वरून निघून जातंय. शेवटी त्याने उरलेले मासे बादलीत काढले, ती टाकी उपसली, लाकूड फेकलं, वाळू फेकली, काच नुसती उन्हात वाळत ठेवली. मग पुन्हा पहिल्यापासून मांडली. बादलीतल्या माशांतला एकही ते सगळं सोसून जगला नाही. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

हे मी का सांगतेय ते तुला आता कळत असेल. त्याच्या हृदयात बसवलेली ती कृत्रिम झडप इतकी वर्षं बिनबोभाट चालली होती की आपण तिला विसरलोच होतो. तिची टिकटिक शांत खोलीत ऐकू यायची, आणि त्याच्यावरून तू त्याला घड्याळबाबा म्हणायचीस. मग गेल्या वर्षी संध्याकाळ झाली की कणकण यायला लागली. त्याने माझ्यापासून लपवली. दुकानात एका बाईंना चुकीच्या नंबरची काच बसवून दिली, तसं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, तेव्हा मला कळलं. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर झडपेचं चित्र काढलं आणि तिच्या कडेला पेन्सिलीने गिरगटलं. जंतूंनी थर केलाय, म्हणाले. मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की जंतू तोंडातला आहे का. कारण त्याचे दात मीच बघायचे, दरवेळी आधी जंतूंवरचं औषध देऊन, पण तरी. ते म्हणाले नाही, कातडीवरचा आहे, कुठल्याशा ओरखड्यातून आत गेला असेल. आणि तुझा बाबा त्या चित्राकडे बघून म्हणाला, "म्हणजे साय बसली." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

मग ते सलाइनमधून दिलेलं औषध, आठवडेच्या आठवडे. ताप उतरला. घरी आणलं. पुन्हा चढला. पुन्हा नेलं. मग सर्जनची ती खोली, तूही आली होतीस. सर्जन सरळ माणूस होता. म्हणाला, औषध आतपर्यंत पोचत नाही, ती झडप काढून दुसरी बसवणं एवढाच उपाय, पण किडन्या दमल्यात, तेव्हा टेबलावरून परत येतीलच असं मी सांगू शकत नाही. करायचं म्हणालात तर करू, वचन देत नाही. तू लगेच म्हणालीस, करू. बाबाने तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टाकी उपसून वाळवता येते गं. मासे त्यात जगत नाहीत." तू उठून उभी राहिलीस. "तू मासा नाहीस," एवढंच म्हणालीस आणि बाहेर गेलीस.

मी तुला तेव्हाही दोष दिला नाही, आज तर नाहीच. जे लोक उठायला तयार नसतात त्यांना उठवणं हाच तुझा व्यवसाय. ऑपरेशननंतर लोक कण्हत तुझ्याकडे येतात आणि तू त्यांना एक पाऊल, मग दुसरं, असं करत चालवून घरी पाठवतेस. नको म्हणणारा प्रत्येक पेशंट तू चालवलास. फक्त एकाने खुर्चीत बसल्या बसल्या नको म्हटलं, आणि तो तुझा बाप निघाला. कसं सहन व्हावं तुला? तू फोनवर भांडलीस, दुसऱ्या सर्जनचं नाव आणलंस, त्याने तेही ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. शेवटी तू म्हणालीस, "मग मला पुन्हा फोन करू नकोस. असं हळूहळू जाताना मी तुला ऐकू शकत नाही." फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं. त्याने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "चहा टाकतेस?" त्याने पुन्हा फोन केला नाही. रागाने नव्हे. तू नको म्हणाली होतीस म्हणून.

नंतर घरी जे दिवस गेले ते तू पाहिले नाहीस, आणि मला ते तुला द्यायचेत. क्लिनिक मी फक्त सकाळचं ठेवलं. त्याची खुर्ची मोठ्या टाकीसमोर आणली. त्याने तिथे बसून सांगायचं आणि मी करायचं, असा आमचा संसार सुरू झाला. त्या कागदांपुरतं सोडलं तर मी त्या पाण्यात इतक्या वर्षांत बोट घातलं नव्हतं. आता स्पंज पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. पाण्यावर कातडी दिसली की कागद. खाणं कमी, जे उरेल त्यावर वाईट साय धरते. चांगली कुठली आणि वाईट कुठली हे ओळखायला त्याने मला शिकवलं, वासावरून, आणि झिंगे तिच्यावर चरतात की तिला टाळून जातात त्यावरून. माझा हात दात घासायला वळलेला, सगळंच काढून टाकावंसं वाटायचं. तो ओरडायचा, "अगं राहू दे, ती त्यांची भाकरी आहे." अशक्त आवाज, पण ओरडणं तेच. एका दुपारी त्याने भिंग मागितलं. काचेला लावून बघत बसला, मग मला बोलावलं. लाकडावर पिल्लं होती. पाण्यासारखी पारदर्शक, फक्त डोळ्यांचे दोन ठिपके. मोजू नकोस, म्हणाला, नुसती बघ.

दुपारी त्याला डुलकी लागायची. एकदा डोळे उघडले आणि त्याने विचारलं, "झिंगीचा फोन आला होता?" आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, तू झोपला होतास." "काय म्हणाली?" मी म्हटलं, "जेवलास का विचारत होती." त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. मी म्हटलं, काळजी घे म्हणाली. तिसऱ्या खेपेला मी सांगितलं की तू त्याच्या तब्येतीची प्रेमाने चौकशी केलीस, आणि तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "तू खोटं बरं बोलतेस," म्हणाला, "पण पोरीला ओळखत नाहीस. ती जेवलास का असं कधी विचारत नाही. ती विचारते, चाललास का."

तो म्हणाला, "मग? काय म्हणाली?" मी म्हटलं, "चाललास का विचारलं तिने." "मग धर मला," म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो उठला, झिंगे. आठवडाभर न उठलेला माणूस. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही गेलो आणि आलो. पुढे रोज दुपारी तुझा असा फोन यायचा. कधी मी सांगायचे काय म्हणालीस, कधी तोच सांगायचा. घोटे फिरव म्हणाली. खोल श्वास घे म्हणाली. लबाडी नको, पुन्हा उचल पाय म्हणाली. आणि तो करायचा, दात आवळून करायचा. चालता येईनासं झालं तेव्हा पलंगावर पडून नुसती पायांची बोटं हलवायचा आणि म्हणायचा, तिला सांग केलं म्हणून. मी एकदा न राहवून म्हणाले, मी खरंच फोन लावते तिला, येईल ती धावत. त्याने माझा हात धरला. "नको. रागाच्या आधारावर उभी आहे ती. तो आपण काढून घेतला तर पडेल, आणि तिथे तिला धरायला कोणी नाही. उतरेल आपोआप. उतरला की रडेल. तेव्हा तू तिच्याजवळ राहा."

आणि मी राहिले नाही. बाबाचं शेवटचं सगळं आटोपून तू परत निघालीस, दारात बूट घालत होतीस, आणि मान वर न करता विचारलंस, "बाबा माझ्याबद्दल काही म्हणाला का?" मी म्हणाले, "जा, उशीर होतोय." मला बोलताच आलं नाही गं. एक शब्द काढला असता तर तुला जाऊच दिलं नसतं. तू जिना उतरत होतीस आणि तुझ्या पाठीकडे बघून मला कळलं, मी गप्प राहिले त्याचा तू काय अर्थ घेतलास. तेव्हापासून तू तोच अर्थ उराशी धरून आहेस, हो ना? हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो तुझ्याबद्दल बोलला. रोज बोलला. शेवटच्या दुपारी मी आंघोळ करून केस पुसत खोलीत आले तर तो जागा होता, डोळे स्वच्छ होते. त्या दिवशी त्याने फोन आला का असं विचारलं नाही. तोच म्हणाला, "झिंगीचा फोन येऊन गेला. तू आत होतीस." तुझा फोन आला नव्हता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी टॉवेल खाली ठेवला, त्याच्या उशाशी बसले आणि विचारलं, काय म्हणाली. तो म्हणाला, "फार रडत होती. मी म्हटलं, मी कुठे रागावलोय. बास आता, ऊठ." मी विचारलं, मग? तो म्हणाला, "उठली."

तुझी, आणि त्याच्या वाटचीही तुझीच,
आई